शिरगणती

एल्म या नावाखाली सापडले ते शेवटी.
तीन शनिवार मी येल्म शोधत होते,
ह लावून, ह गाळून,
तेव्हा ग्रंथालयाच्या तळघरात फिल्मची रिळं सांभाळणारी व्हर्ना म्हणाली,
डोळ्यांनी नको, कानांनी शोध.
दारात उभ्या माणसाला जे ऐकू आलं
तेच त्यानं लिहिलंय.

येल्म म्हणजे शिरस्त्राण.
पणजोबांच्या आजोबांना पलटणीनं चिकटवलेलं नाव,
कारण त्या तुकडीत पेर नावाचे चौघे आधीच होते.
रॉकफर्डच्या कारकुनानं त्याचं झाड करून टाकलं.
पहिल्याच शिरगणतीत
शिरावरचं लोखंड गेलं.

१८८०. घर क्रमांक एकशे बारा.
अल्गट एल्म, वय एकोणतीस, काम खुर्च्यांच्या कारखान्यात.
बायको मटिल्डा, सव्वीस.
(ती बोतिल्डा. पण ते त्याला कुठून कळणार.)
मुलगा एलॉफ, नऊ महिने.
भाडेकरू दोन, दोघेही योहान.
शाई एका जागी पसरलेली,
बहुधा घाम. जूनचा महिना होता.

मग १८९०.
१८९० नाही.
वॉशिंग्टनमधल्या एका तळघरात ते जळलं,
उरलेलं बंबाच्या पाण्यात भिजलं,
आणि भिजलेल्याचं काय करायचं यावर
बरीच वर्षं काथ्याकूट करून
सरकारनंच तेही निकालात काढलं.
व्हर्ना हे सांगताना अजून चिडते,
जणू काल तिच्याच घरात कुणी काडी लावली.

१९००. आता हेल्म.
बोतिल्डा त्रेचाळीस. म्हणजे वीस वर्षांत
ती सतराच वर्षांनी म्हातारी झाली.
मी हसले, व्हर्नालाही बोलावून दाखवलं.
एलॉफ वीस, वार्निशकाम.
हेडविग नऊ, शाळा: आठ महिने.
टूरे सहा.
मग बोट आडव्या ओळीवरून सरकवत गेले आणि
दोन अरुंद रकाने आले, जे मी आजवर
कुणाच्याच ओळीत नीट वाचले नव्हते.

किती मुलांची आई: सहा.
त्यांपैकी हयात: तीन.

यंत्राचा पंखा घरघरत होता.
एलॉफ आणि हेडविग यांच्यामध्ये अकरा वर्षं आहेत
आणि त्या अकरा वर्षांत एक जळकी वही.
दोन गणत्यांच्या मधे येऊन मधेच गेलेली.
मुलगे की मुली, कुठलाही कागद सांगत नाही.
चर्चच्या दफन-नोंदी बघ, व्हर्ना म्हणते.
बघेन. अजून गेले नाहीये.

कारण मी त्याच ओळीत पुढे वाचलं.
बोतिल्डा: इंग्रजी बोलता येतं? नाही.
अल्गट त्या वेळी कारखान्यात असणार, एलॉफही.
मग दारात तो माणूस, टाक उचलून,
हे विचारत कुणाला होता?

हेडविगला. नऊ वर्षांच्या,
आठ महिने शाळा झालेल्या हेडविगला.
तिनं मान वळवून आईला विचारलं असेल,
आई, मुलं किती? तिला वाटलं असेल
हे तर मलाच येतं, तीन.
आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं असेल, सेक्स.
सहा. मग जरा वेळानं, त्रे.
ते दोन्ही आकडे तिनं इंग्रजी करून
त्या अनोळखी माणसाच्या हातात दिले,
धान्याची पावती द्यावी तसे.

हेडविग माझ्या वडिलांची आई.
मला आठवते ती स्वीडिश पार विसरलेली,
शिव्यासुद्धा इंग्रजीतून देणारी.
फक्त विणताना टाके त्या भाषेत मोजायची.
एत, त्वो, त्रे,
आणि तिथे सुई थांबायची.
मी शेजारी लोकरीचा गुंडा धरून बसलेली,
मला वाटायचं, टाका निसटला.
मग ती म्हणायची, फीरा,
आणि पुढे विणू लागायची.